बारा माणसं आणि एक टोंगळा

परदेशात शिकायला गेली आमची लेक आचल आणि प्रवास घडला मला. तिने विमानाने समुद्र ओलांडला, मी एसटीने पूर्णा नदी ओलांडली. तिला यातून पदवी मिळायची आहे. मला जे मिळालं ते उजव्या गुडघ्यावर अजून आहे आणि पावसाळी हवेत दुखतं.

आचल जर्मनीत भाषाशास्त्र शिकते. ज्या शहरात शिकते त्याचं नाव मला एका दमात म्हणता येत नाही, म्हणून अमरावतीच्या आमच्या कॉलनीत मी नुसतं 'जर्मनी' सांगतो. कॉलनीचा समज होता की ती जर्मन भाषा शिकायला गेली आहे. तो समज मी दुरुस्त केला नाही. चौतीस वर्षं मराठीचा शिक्षक म्हणून दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, निवृत्तीनंतर एखादी सोडून दिली तर चालेल असं मला वाटलं होतं.

पण एका रविवारी संध्याकाळी आचलचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि शेजारचे खुशालराव नेमके चहाला बसले होते. खुशालराव वायरमन म्हणून निवृत्त झाले, पण दुसऱ्याच्या घरातल्या तारा कुठून कुठे गेल्या आहेत हे पाहण्याची त्यांची सवय गेलेली नाही.

"बाबा, माझ्या प्रबंधासाठी बारा माणसं हवीत," आचल म्हणाली. "वऱ्हाडी बोलणारी. चाळीशीच्या पुढची, वऱ्हाडाबाहेर दोन वर्षांहून जास्त न राहिलेली. त्यांना तीस चित्रं दाखवायची, ते प्रत्येक चित्राला काय म्हणतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि थोड्या गप्पा मारायच्या. मीच येणार होते, पण इथे तारीख अलीकडे आणली. पंधरा दिवसांत रेकॉर्डिंग आलं नाही तर माझं हे सत्र वाया जाईल."

मी काही बोलायच्या आत खुशालरावांनी कप खाली ठेवला. "वऱ्हाडी? पोरगी जर्मनीत जाऊन वऱ्हाडी शिकून राह्यली? अवो सर, मले सांगतलं असतं तं मी तिले इथंच गच्चीवर शिकोली असती."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी तो माणूस आहे ज्याने हजारो उत्तरपत्रिकांमधले 'मले' आणि 'तुले' लाल पेनने खोडले. 'मले' लिहिलं की अर्धा गुण जायचा, 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की तास संपेपर्यंत उभं राहावं लागायचं. तो लाल पेन आजही माझ्या खिशात असतो. याचं कारण असं की बी.एड.साठी मी एक वर्ष पुण्यात होतो आणि तिथे पहिल्याच पाठात मी वर्गाला म्हणालो, "मले सांगा पाहू." वर्ग जो हसायला लागला तो घंटा होईपर्यंत थांबला नाही. हा इतिहास मी कोणाला सांगत नाही. इथेही एवढाच पुरे.

"पण तुला दुसरा विषय नव्हता का?" मी आचलला विचारलं.

"तुम्ही घरात बोलू दिलं नाही ना बाबा. मग इकडे येऊन शिकावी लागतेय," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मैना, म्हणजे माझी पत्नी, माझ्याशी शुद्ध मराठीत बोलते आणि माझ्याविषयी वऱ्हाडीत बोलते. ती मला म्हणाली, "तुम्ही जायला हवं." मग खुशालरावांकडे वळून म्हणाली, "नाई तरी घरी बसून माया डोक्शावर मिरे वाटून राह्यले."

विद्यापीठाची एक अट होती. प्रत्येक बोलणाऱ्याची लेखी संमती हवी, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. संमतीपत्र इंग्रजीत होतं, त्याचं भाषांतर मी केलं. दोन दिवस घेतले, कोश काढले. त्यातलं मुख्य वाक्य असं उतरलं: 'मी, खाली सही करणार, कोणत्याही दडपणाविना, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत, सदर ध्वनिमुद्रणावरील माझे सर्व हक्क कायमचे सोडून देत आहे.' हे वाक्य मला फार आवडलं. मैनाला दोनदा वाचून दाखवलं. पुढे जे झालं त्याला हे एकच वाक्य जबाबदार आहे आणि ते मी लिहिलं आहे.

पहिली मोहीम नांदगाव खंडेश्वरला. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी तिथेच शिकवलं होतं. माझा जुना विद्यार्थी श्याम तिथे बियाणं-खतांचं दुकान चालवतो. मी फोन केला तर त्याने दुपारपर्यंत दुकानात बारा माणसं गोळा करून ठेवली. सगळी पन्नाशीच्या आसपासची, सगळी शेती करणारी, जन्मात तालुका न सोडलेली. एका दिवसात बाराही उरकायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा माझा हिशेब होता.

मी मोबाइल खताच्या पोत्यावर ठेवला आणि श्यामला पहिलं चित्र दाखवलं. कोथिंबिरीची जुडी. आमच्याकडे तिला सांबार म्हणतात हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

श्याम ताठ उभा राहिला. "सर, ही कोथिंबीर होय," तो म्हणाला. "हिचा उपयोग भाजीस स्वाद आणण्यासाठी करण्यात येतो."

"घरी काय म्हणतोस तू हिला?"

"घरीसुद्धा मी तिला कोथिंबीर असेच संबोधतो, सर. आपल्या कृपेने."

एकामागून एक बाराही जण तसेच बोलले. एकाने गुडघ्याच्या, म्हणजे आमच्या टोंगळ्याच्या, चित्राला 'जानू' म्हटलं. ते सगळे माझे विद्यार्थी होते. मला पाहिल्याबरोबर त्यांच्या पाठी ताठ झाल्या होत्या आणि तोंडातून 'ण' आणि 'ळ' असे काही खणखणीत बाहेर पडत होते की मास्तर म्हणून माझा ऊर भरून आला आणि बाप म्हणून माझे हातपाय गळाले. मी रेकॉर्डिंग बंद केलं, मोबाइल खिशात टाकला. त्याच क्षणी दुकानाबाहेर श्याम कोणाला तरी फोनवर ओरडला, "अबे लेका, मले काहून विचारून राह्यला? सांबार टाकाचा असन तं टाक ना भाजीत." मी खिशातून मोबाइल काढेपर्यंत त्याने फोन ठेवला आणि मला पाहून पुन्हा ताठ झाला.

आचलने ते सगळं ऐकलं. "बाबा, या तर बातम्या आहेत," ती म्हणाली. "यातलं काहीच वापरता येणार नाही."

मग मी ठरवलं की जिथे मला कोणी ओळखत नाही अशा गावी जायचं. अशा एका गावी गेलो आणि रीतसर परवानगीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, ही माझी दुसरी चूक. तिथल्या साहेबांनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला. "कोनत्या योजनेत बसते हे?" त्यांनी विचारलं.

"कोणत्याही नाही. माणसांनी फक्त बोलायचं आहे."

"मंग अडचन आहे, सर. योजनेत असतं तं मी तुमाले नाई म्हनलो असतो. योजनेतच नाई, तं नाई तरी कसं म्हनू?"

तोवर बाहेर चाळीसेक माणसांची रांग लागली होती, प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. योजना नाही म्हटल्यावर रांग विरली. एका म्हाताऱ्याने जाताजाता मला विचारलं, "बोल्याचे पैसे नाई, तं मंग आमी आतालोक काय करून राह्यलो होतो?" तो प्रश्न मला अजून आवडतो, पण तेव्हा मोबाइल बंद होता.

दहा दिवस उरले. खुशालराव म्हणाले, "सर, रस्ता जेवढा खराब तेवढी बोली अस्सल. सिद्दे धारणीले जा." हा सल्ला शास्त्रीय वाटला म्हणून मी गेलो. मेळघाटातली वळणं एसटीने काढली, धारणीच्या पुढची वळणं जीपने काढली. त्या जीपमध्ये आम्ही सतरा जण होतो आणि माझा उजवा गुडघा दरवाजाच्या बाहेर होता. एका वळणावर तो गुडघा आणि एक सागाचं झाड यांची थोडक्यात भेट झाली.

तिथे पार्बताबाई नावाच्या एका आजींनी मला बसवलं, पाणी दिलं, गुडघ्याला पाला बांधला आणि सगळी तीस चित्रं हौसेने पाहिली. त्या घरात कोरकू बोलत होत्या. माझ्याशी हिंदी बोलत होत्या आणि मध्येच पाहुण्याचा मान म्हणून मराठी. मी विचारलं ते त्यांनी तिन्ही भाषांत सांगितलं. मग मलाच विचारलं, "तुम्हारे घर में कौनसी बोलते?" मी सांगितलं, "मराठी." त्यांनी मान हलवली. "वो तो मास्टर लोग की है. घर की कौनसी?" मी पाणी प्यायलो.

अमरावतीहून पाच तासांवर एक अख्खी निराळी भाषा नांदते आणि चौतीस वर्षं भाषा शिकवून मला तिच्यातला एक शब्द येत नव्हता. परतीच्या जीपमध्ये मी शेजाऱ्यांना विचारत आलो, झाडाला काय म्हणता, पावसाला काय, चिडलेल्या बायकोला काय. धारणी येईपर्यंत माझी वही अर्धी भरली होती. आचलला त्याचा उपयोग नव्हता, मला मात्र कितीतरी वर्षांनी कोणाची चूक न काढता ऐकायला बसल्यासारखं वाटलं.

"बाबा," आचल फोनवर म्हणाली, "चार दिवस उरले. तुम्ही आत्याकडे का जात नाही?"

जायचं टाळत होतो, हे खरं उत्तर. मनकर्णाबाई माझी थोरली बहीण, मी तिला नुसतं बाई म्हणतो. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात राहते आणि वडलांचं तीन एकराचं वावर कसते. सातबारावर तिचं आणि माझं दोघांचं नाव आहे. त्याविषयी ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. पण मी गेलो की ती सगळ्यांसमोर "आले आमचे पुनेकर" म्हणते आणि बायका पदरात हसतात. म्हणून सात वर्षं मी गेलो नव्हतो. एवढ्याशा गोष्टीसाठी बहिणीकडे सात वर्षं न जाणारा माणूस मी आहे, हे लिहिताना मला लाज वाटते.

अकोल्याला गाडी बदलून, लंगडत, मी दुपारी गावात पोचलो. बाईने ओट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं, पुनेकर म्हणाली नाही. बहुतेक माझं लंगडणं पाहून तिला दया आली असावी. मी वेळ न घालवता मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तेलाच्या पिंपावर ठेवला, पिशवीतून संमतीपत्र आणि पेन काढला आणि म्हणालो, "बाई, मी एका कामानिमित्त आलो आहे. तुझी एक सही हवी. दोन साक्षीदारही लागतील."

बाईने शेजारच्या पंजाबरावांना हाक मारली, कारण गावातले कागद तेच वाचतात. पंजाबरावांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "कोणत्याही दडपणाविना, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत... माझे सर्व हक्क कायमचे सोडून देत आहे." त्यांनी चष्मा काढला. "हक्कसोड आहे, मनकर्णाबाई," ते म्हणाले.

आमच्या भागात या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. बापाच्या वावरातला आपला हिस्सा बहिणीने भावाला लिहून द्यायचा, तो कागद म्हणजे हक्कसोड. भावाने कागद, पेन आणि दोन साक्षीदार मागत बहिणीच्या दारात उभं राहावं, याला आमच्याकडे दुसरा अर्थ नाही.

"सात वर्सं तोंड नाई दाखोलं," बाई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आज आला तं कागद घिऊन आला. शेषा, तोंडानं मांगतलं असतं तं मी देल्लं असतं रे."

"बाई, तुझा गैरसमज होत आहे," मी म्हणालो. "सदर हक्क केवळ ध्वनिमुद्रणासंबंधी आहेत."

"'सदर' म्हनते," पंजाबराव जमलेल्या लोकांना म्हणाले. "वकिलाकून आला."

लोक जमत होते. मी समजावत होतो, आणि जितका शुद्ध बोलत होतो तितका जास्त गुन्हेगार ठरत होतो. जर्मनीचं नाव काढलं तर एका शेजारणीने विचारलं, "जर्मनीवाल्यायले इकलं का वावर?" मी 'वस्तुस्थिती' हा शब्द उच्चारला तेव्हा मागून कोणीतरी "पोलीस पाटलाले बलावा" म्हणालं. बाईने डोळ्यांना पदर लावला आणि आत जायला वळली. मी तिचा हात धरायला उठलो, ओट्याची पायरी चुकली आणि मी धारणीच्या त्याच गुडघ्यावर खाली आलो.

"बाई व, मेलो ना व," मी ओरडलो. "माया टोंगया फुटला. मले नाई पायजे तुयं वावर. उलसंकबी नाई पायजे. तुयी शप्पत बाई, ढेकूळबी नाई मांगत मी. आचलले तुयं बोलनं पायजे, निस्तं बोलनं. तू काहून रडून राह्यली? तू रडली तं मले काईच सुचत नाई."

बाई वळली, खाली बसली आणि माझा गुडघा स्वतःच्या मांडीवर घेतला. "आता आला माया भाऊ," ती म्हणाली. मग आत हाक मारून हळद गरम करायला सांगितली.

हळद लावून झाल्यावर पंजाबरावांनी विचारलं, "मंग त्या कागदाचं काय?" मी माझं ते ठाशीव वाक्य बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "तुमी बोलान, ते पोरगी आयकन आन लिवन. बस, इतकंच." बाईने पहिली सही केली. मग अंगणातल्या दहा जणांनी चित्रं पाहिली. कोथिंबिरीला सांबार म्हणाले, टोमॅटोला भेदरं म्हणाले, एका चित्रावरून दोघांत भांडणही झालं. मी एकालाही दुरुस्त केलं नाही. संमतीपत्रात एक रकाना होता, 'आपण घरी कोणती भाषा बोलता?' अकराही जणांनी एकच उत्तर दिलं, "आपलीच." तसंच लिहा म्हणाले, म्हणून मी तसंच लिहिलं. त्या रात्री मी बाईकडेच राहिलो.

बारावा माणूस काही मिळाला नाही. गुडघा सुजला होता. मी अमरावतीला परतलो, अकरा संमतीपत्रं आणि सगळं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून जसंच्या तसं पाठवून दिलं आणि पाय स्टुलावर ठेवून बसलो. एका माणसासाठी पोरीचं सत्र बुडणार या विचाराने जेवण जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आचलचा फोन आला. खुशालराव होतेच.

"बाबा, फॉर्म अकरा आहेत, पण माणसं बारा आहेत," ती म्हणाली. "सुरुवातीचं भांडण मी अजून पूर्ण ऐकलं नाही, पण त्यात ओरडणारा एक माणूस आहे. बाकी सगळे चित्र बघून बोलतात, तो एकटा मनापासून बोलतो. 'माया टोंगया फुटला' म्हणतो. आमच्या गाईड मॅडमनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकला. कोण आहेत ते? आपल्या भावकीतले आहेत का? आवाज जरा आपल्या घरातला वाटतो."

पंचवीस वर्षं ही मुलगी माझ्या घरात वाढली, आणि तिला माझा आवाज ओळखता आला नाही. तिचा दोष नव्हता. तो तिने कधी ऐकलाच नव्हता. मी स्टुलावरचा पाय खाली घेतला.

"मी हावो तो," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "बाबा, अजून बोला ना." खुशालराव सल्ला न देता खिडकीबाहेर बघायला लागले.

"पण मी पुण्याला राहिलो होतो," मी म्हणालो.

"एकच वर्ष. चालतं. तुम्ही फॉर्म भरा आणि आज पाठवा."

मी शेवटचं संमतीपत्र घेतलं. नाव लिहिलं, शेषराव अढाऊ. वय लिहिलं, जन्मगाव लिहिलं. 'आपण घरी कोणती भाषा बोलता?' या रकान्यात सवयीने लिहिलं, 'प्रमाण मराठी'. मैना साक्षीदार म्हणून सही करायला आली होती. तिने कागद वाचला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी माझ्याविषयीच्या भाषेत बोलली.

"खोटं नोका लिवू. पोरीची परीक्षा आहे."

मी खिशातून लाल पेन काढला. ते दोन शब्द खोडले, सवयीने समासात अर्धा गुण कापला, आणि वर लिहिलं, 'आपलीच'.